सत्यनारायण जोडीनेच? नवरा नास्तिक असला तरी?

तिरकस: "बायको श्रद्धाळू, नवरा नास्तिक, तरी सत्यनारायणाला जोडीनेच बसायचं, नाहीतर पूजा फळत नाही," असं काल एकाने ठोकून दिलं. पोथी उघडून बघितलीत का कधी? पाचच अध्याय आहेत. साधुवाणी जावयासकट तुरुंगात असतो तेव्हा घरी लीलावती लेकीला घेऊन व्रत करते. देव प्रसन्न होतो, नवरा सुटतो! मग नास्तिकाला पाटावर दाबून बसवायचा हट्ट कशाला?

पंचपाळं: लीलावतीचा नवरा तुरुंगात होता, आतल्या खोलीत मोबाईल बघत नव्हता. दोन्ही एकच का? आणि जोडीच्या पूजेत यजमान तो, ती त्याच्या हाताला हात लावणार. तो नसेल तर संकल्प कोण सोडणार?

तिरकस: ती. पळीभर पाणी हातावर घेऊन ताम्हनात सोडायला नवरा लागत नाही. 'सहकुटुंबानां सपरिवाराणां' म्हटलं की तो आलाच. पुढच्या 'चतुष्पद'मध्ये तर मांजरही सुटत नाही. ज्ञानप्रबोधिनीत बायका पौरोहित्य शिकतात. सांगणारी बाई चालते, करणारी एकटी नाही?

जुनाजाणता: असल्या नवऱ्याला सोडून द्यावं सरळ.

निरीश्वर: कोणत्या कलमाखाली? 1955च्या हिंदू विवाह कायद्यात धर्मांतर हे घटस्फोटाचं कारण आहे, देव न मानणं नाही.

रवाळ: कायदा राहू दे. पूजेला गायब आणि शिऱ्याला पहिला, हे ढोंग नाही?

निरीश्वर: शिरा खाण्यात ढोंग कसलं? तुमच्या पोथीत तर रवाच नाही. केळं, तूप, दूध, गव्हाचं पीठ, ते नसलं तर तांदळाचं, साखर किंवा गूळ. सगळं सव्वा. रवा ही आपली सोय. आणि 'सव्वा' म्हणून दूधही सव्वाच वाटी ओततात, मग दाणा कच्चा राहतो.

रवाळ: हे मात्र खरं बोललात, चुकून. सव्वा वाटी रव्याला तीन वाट्या दूध, तेही उकळतं. गार ओतलं की गुठळ्या. रवा तुपात मंद आचेवर तांबूस होऊ द्या, मग केळं, मग दूध.

पंचपाळं: केळं आधी? काळं पडतं ते!

रवाळ: गळायला आलेलं घेतलंत तर पडणारच. साखर मात्र रवा फुलल्यावरच. आधी घातली तर ती पाणी ओढते, दाणा टचटचीत राहतो. मग वरून तूप ओतून काही होत नाही.

पंचपाळं: सव्वा वाटीच्या वर तूप? प्रसाद आहे की पंगत?

तिरकस: विषय नवराबायकोचा होता हो.

पंचपाळं: बरं बाई, बसू दे एकटीला. पण चौरंगाला केळीचे खुंट बांधायला आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्य खाली न्यायला त्याने उठायचं. त्याला श्रद्धा लागत नाही, सुतळी लागते.

निरीश्वर: खुंटाला कोण नाही म्हणतंय? वाद आहे तो उपरणं घालून फोटोपुरतं बसवण्याचा.

रवाळ: प्रसाद घ्या आणि मग भांडा. चौथ्या अध्यायात कलावती प्रसाद टाकून नवऱ्याला बघायला धावली, तर नवऱ्यासकट नाव बुडाली.