मदत हवी आहे: पेसमेकरच्या जागी खाज, निकेलची अ‍ॅलर्जी?

कडीपत्ता: आईला पेसमेकर बसवलाय. वरची कातडी लाल, खाज थांबत नाही. खोट्या दागिन्यांनी तिला पूर्वीपासून पुरळ येतं. निकेल नसलेला पेसमेकर मिळतो का? बुधवारी दाखवायचंय, लवकर सांगा.

तिरफळ: बसवून किती दिवस झाले? जागा गरम लागते? पाणी येतं? लालीचा आकार कसा?

पाटावरवंटा: निकेलच! एएसडीच्या (हृदयाच्या पडद्यातलं भोक) बटणात, म्हणजे ते भोक बुजवायच्या उपकरणात, निम्म्याहून जास्त निकेल असतं.

तिरफळ: ते नायटिनॉल, निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू. इथे काय संबंध? पेसमेकरची डबी टायटॅनियमची. निकेल असतं ते लीडच्या (डबीपासून हृदयापर्यंत जाणारी वायर) आतल्या तारेत, एमपी३५एन मिश्रधातूत, आणि तिच्यावर सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनचं आवरण. टोक प्लॅटिनम-इरिडियमचं.

घरगडी: मोबाइल १५ सेंमी लांब ठेवा, पेसमेकरच्या विरुद्ध बाजूच्या कानाला लावा.

कडीपत्ता: मोबाइलचं कोणी विचारलं? सात आठवडे झालेत. ताप नाही, सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) नॉर्मल. लाली चौकोनी. पट्टी दिवसाआड बदलतो, बेटाडिन लावून.

तिरफळ: सात आठवडे पट्टी?? जखम भरली असेल तर कशाला? चौकोनी लाली म्हणजे आधी चिकटपट्टीच्या गोंदावर संशय, मग बेटाडिनवर. पण ताप नाही, सीबीसी नॉर्मल, म्हणून जंतुसंसर्ग नाही असं धरू नका. खिशातला, म्हणजे कातडीखाली डबी ठेवलेल्या जागेतला, संसर्ग असा गुपचूपही असू शकतो. संशय असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चरचे (रक्तात जंतू वाढतात का ते बघायची तपासणी) दोन संच. आणि त्या खिशात सुई घालून पाणी काढायला कोणी निघालं तर थेट नाही म्हणा, बाहेरचे जंतू आत जातात.

पाटावरवंटा: पॅच टेस्ट करा, पाठीवर पट्ट्या लावून अ‍ॅलर्जी बघतात ती. आठवडाभर आधी सेट्रिझिन बंद.

सुंठवडा: ते प्रिक टेस्टला, कातडीला सुई टोचून करतात त्या. पॅच टेस्टला अडसर स्टेरॉइडच्या गोळ्यांचा. पट्ट्या पाठीवर ४८ तास, मग काढून बघतात, पुन्हा चौथ्या आणि सातव्या दिवशी. निकेल सल्फेट ५ टक्के असतंच. सिलिकॉन, इपॉक्सी (पेसमेकरमधलं प्लास्टिक) यांचेही पॅच मागा. टायटॅनियमच्या पॅचवर भिस्त ठेवू नका, निगेटिव्ह आला तरी काही सिद्ध होत नाही. आणि निकेल पॉझिटिव्ह आलं तर तो दागिन्यांचा हिशेब, पेसमेकरचा असेलच असं नाही.

पाटावरवंटा: सोन्याचा मुलामा दिलेला पेसमेकर असतो.

सुंठवडा: असतो, पण बदलायचा म्हणजे पुन्हा चिरा. आधी संसर्ग नाही हे ठरू दे.

कडीपत्ता: दहा दिवस बीटामेथासोनचं (स्टेरॉइड) मलम लावतोय, ते सांगायचं राहिलं.

तिरफळ: हे आत्ता? लाली दबलेली दिसणार. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच. कातडी पातळ, चकचकीत झाली किंवा पाणी आलं तर बुधवारची वाट बघू नका.