मदत हवी आहे: पॉलिमर सेमीकंडक्टरची फिल्म जास्त क्रिस्टलाइन झाली, मग मोबिलिटी (चार्ज किती सहज धावतो ते) का घसरली?

मंडळी, जरा डोकं लावा यात. पीथ्रीएचटी या सेमीकंडक्टर पॉलिमरची फिल्म स्पिन कोट करून १५० अंश सेल्सिअसला अ‍ॅनील केली (तापवून ठेवली), एक्सआरडीत (एक्स-रे विवर्तनात) ५.४ अंशांजवळचा लॅमेलर पीक, म्हणजे साखळ्यांच्या थरांचा पीक (थरांमध्ये साधारण १.६ नॅनोमीटर अंतर), मस्त टोकदार आला, पण ट्रान्झिस्टरची मोबिलिटी वाढायचं सोडून खालीच आली. बॅच कमी मॉलिक्युलर वेटची आहे, त्यामुळे मला संशय असा की साखळ्या आखूड, क्रिस्टल छान जमतात पण एकातून दुसऱ्यात जाणाऱ्या टाय चेन्सच नाहीत, मग चार्ज सीमेवर अडकतो. रस्ते गुळगुळीत, मधले पूल गायब. तिकडे आयडीटी-बीटी हा दुसरा पॉलिमर जवळपास अमॉर्फस (विस्कळीत रचनेचा) असून १ सेमी²/व्होल्ट-सेकंदच्या वर मोबिलिटी देतो, म्हणजे नुसती क्रिस्टलिनिटी घेऊन काय चाटायचंय!

आता प्रश्न असा, टाय चेन्सचा दोष की ओरिएंटेशनचा (क्रिस्टल कुठल्या दिशेला बसलेत त्याचा), हे वेगळं कसं काढायचं? ट्रान्झिस्टरला एज-ऑन (साखळ्या कडेवर उभ्या) हवं, म्हणजे ०.३८ नॅनोमीटरचं पाय-स्टॅकिंग (साखळ्यांची सपाट रिंग्जची एकावर एक रास) फिल्मच्या प्लेनमध्ये येतं, पण साध्या एक्सआरडीत फक्त प्लेनला समांतर थर दिसतात, बाकीचं गुलदस्त्यात. जीआयवॅक्स (तिरप्या एक्स-रेनं सगळ्या दिशा दाखवणारं तंत्र) हाताशी नाही. यूव्ही-व्हिसच्या (प्रकाश शोषणाच्या स्पेक्ट्रमच्या) ०-० आणि ०-१ पीकच्या रेशोवरून काही कळेल का, की सरळ जास्त मॉलिक्युलर वेटचा थोडा पॉलिमर मिसळून बघू? कुणी केलं असेल तर किती टक्के घातला तेही सांगा.