जिओकॅशिंग: सिअ‍ॅटलजवळ पोरीला घेऊन सुरू करायचंय, कुणी करतं का?

बेलव्ह्यूची_आई:
नमस्कार मंडळी. आम्ही बेलव्ह्यूला राहतो, लेक ९ वर्षांची. फिरायला चल म्हटलं की हिचे पाय दुखायला लागतात आणि नेलंच तर दहा मिनिटांत "घरी कधी जायचं". ऑफिसातली एक जण पोरांना घेऊन जिओकॅशिंग करते, म्हणजे फोनवर जागा बघून झाडाझुडपांत लपवलेले डबे शोधायचे, आणि तिची पोरं म्हणे स्वतःच मागं लागतात. तर याला वेगळं जीपीएस घ्यावं लागतं का, पैसे भरावे लागतात का, आणि दिवाळीत पुण्याला जाणार आहोत तर सिंहगडावर आपणच एक डबा लपवून आलो तर चालेल का? (ही लेकीची आयडिया 😄)

रानवाटा:
ताई, बिनधास्त सुरू करा. यंत्रबिंत काही नको, फोन पुरतो. जिओकॅशिंगच्या साइटवर फुकटच्या खात्यात सगळे कॅश (म्हणजे हे लपवलेले डबे) दिसत नाहीत पण सुरुवातीला पुष्कळ झाले, अँड्रॉइड असेल तर सी-जिओ नावाचं फुकट अ‍ॅप पण बघा. प्रत्येक कॅशला दोन आकडे असतात, शोधायला किती अवघड आणि वाट किती अवघड, १ ते ५. पोरीबरोबर दोन्ही दीडच्या आत ठेवा, आणि साइज स्मॉल किंवा रेग्युलर बघून घ्या हे महत्त्वाचं, कारण मायक्रो म्हणजे फिल्मच्या रिळाची डबी, आत फक्त सही करायचा कागद, पोरं जाम वैतागतात. मोठ्या डब्यात कीचेन, गोट्या, छोटी खेळणी असतात, एक उचललं की तेवढ्याच तोलामोलाचं एक ठेवायचं. खाऊ अजिबात ठेवायचा नाही, जनावरं डबा फोडतात. नंबर कोरलेली धातूची पट्टी मिळाली तर तो ट्रॅव्हल बग, तो घरी ठेवून घ्यायचा नसतो, पुढच्या डब्यात सोडायचा, मग लेकीला नकाशावर बघता येतं की तो कुठं कुठं हिंडला.

आणि शोधताना एक करा, आठ-दहा मीटरवर आलात की फोन खिशात. आपल्याकडच्या उंच झाडांखाली अ‍ॅपमधला दिशा दाखवणारा बाण नुसता गरगर फिरतो, त्याच्या नादात लोक ब्लॅकबेरीच्या काट्यांत घुसतात. त्यापेक्षा उभं राहून बघायचं की इथं काय उगाच वाटतंय: बुंध्याशी एकाच मापाच्या काटक्या नीट रचलेल्या, किंवा एकच दगड ज्यावर शेवाळ नाही. हे पोरांना आपल्याआधी दिसतं. दुकानांच्या पार्किंगमध्ये दिव्याच्या खांबाच्या बुडाला पत्र्याचं झाकण असतं ना, ते वर उचललं जातं, त्याखाली तर हमखास. पेन आपलं न्या.

पावसाळी_पोर्टलंड:
अहो तुम्ही तर पंढरीतच राहताय! सिअ‍ॅटलच्या फ्रीमाँटमध्ये जिओकॅशिंगचं हेडक्वार्टर आहे, तिथं कॅश आहे. आणि मुळात हे सुरू झालं आमच्या ओरेगनात. आधी अमेरिकन सरकार साध्या लोकांचं जीपीएस मुद्दाम बिघडवून ठेवायचं, १०० मीटरपर्यंत चूक, ते मे २००० मध्ये बंद केलं आणि लगेच ३ तारखेला डेव्ह अल्मर यांनी बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवून त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. बादलीत होतं काय तर पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि चक्क बीन्सचा डबा. आता तिथं फलक आहे. उन्हाळ्यात स्नोक्वाल्मीच्या जुन्या रेल्वे बोगद्यापलीकडचा कॅश पण करा, साडेतीन किलोमीटरच्या वर मिट्ट काळोख, पोरं खूश. हेडटॉर्च आणि स्वेटर लागतोच, ऑगस्टमध्येसुद्धा आत गारठा असतो. हिवाळ्यात बोगदा बंद.

पेठेतला_नास्तिक:
म्हणजे प्लास्टिकचे डबे जंगलात टाकायचे आणि त्याला छंद म्हणायचं. आम्ही इथं दर पावसाळ्यात गडावरून पोती भरभरून कचरा उतरवतोय, त्यात आता परदेशातून डबे येणार. पोरीला नुसतं चालायला शिकवा की.

मुळशीकर:
नास्तिकराव, कॅश करणारे बरेच जण जाता येता कचरा उचलतात, त्यासाठी त्यांचे खास कार्यक्रम पण असतात. पण सिंहगडाबद्दल तुमच्याशी सहमत. ताई, गडावर नका ठेवू. एकतर आपले गड म्हणजे संरक्षित वास्तू, तिथं चिऱ्यांच्या फटीत कुणी हात घालत बसणं नकोच, दुसरं म्हणजे सुट्टीत येऊन ठेवलेला डबा साइटवाले मंजूरच करत नाहीत, ओला झाला, हरवला तर बघणारं माणूस जवळ लागतं. आणि आपल्याकडं बेवारस वस्तू दिसली की काय होतं माहितीये. इंग्लंडात वेदरबीला २०११ मध्ये बॉम्बपथकानं असलाच डबा उडवला होता. तुम्ही इथं आलात की असलेले शोधा. अर्थकॅश नावाच्या प्रकारात तर डबाच नसतो, जागेवर जाऊन खडकाबिडकाच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, गडांना खरं तर तोच शोभतो. आणखी एक, सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र घेतलंत तर ते भारतात आणू नका, परवानगी नसेल तर विमानतळावर अडकाल.

बेलव्ह्यूची_आई:
बाप रे, एवढं सगळं! सिंहगड कॅन्सल. पण ते खांबाचं झाकण उचलताना सिक्युरिटीवाल्यानं हटकलं तर काय सांगायचं?

रानवाटा:
खरं ते सांगायचं आणि अ‍ॅप दाखवायचं. लपवाछपवी केलीत तर जास्त संशय येतो. लेकीला पुढं करा, नऊ वर्षांच्या पोरीला कोण काय बोलणारे.