मारलं यंत्राने, आत कोण जाणार?

खडूस : कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलं, 'स्वयंचलित शस्त्राने चुकून माणसं मारली तर तो अपघात, दोषी कोणीच नाही.' डोकं फिरलं म्हणून लिहितोय. ड्रोन आपणहून फिरायला निघालं नव्हतं. कुठे सोडायचं, किती वेळ, कशावर, हे कुणीतरी ठरवलंच ना? आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्यावर चालतं, त्या रोम कराराचं कलम २८ वाचा. कमांडरला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, तर तो अडकतो.

कायदेकानू : अर्धं वाचलंत. कलम २८ हाताखालच्या माणसांनी गुन्हा केला तर. यंत्र गुन्हा करतं का? शिवाय कलम ३० ला हेतू आणि जाणीव लागते, नुसती बेफिकिरी पुरत नाही.

खडूस : म्हणजे साहेब सुटले. वा!

रात्रपाळी : 'शेवटचं बटण माणसाकडे ठेवा, मग जबाबदार तोच' म्हणणाऱ्यांनी कंट्रोल रूममध्ये एक रात्र काढावी. मी तिथेच नोकरी करतो. पहाटे अलार्मची रांग लागली की वाचत कोणी नाही, नुसतं ओके, ओके, ओके. आणि काही बिघडलं की मेमो त्या ओके दाबणाऱ्यालाच. २०१८ ची उबरची स्वयंचलित गाडी आठवा, चाचणी चालू होती. रस्ता ओलांडणारी बाई गेली, खटला गाडीत देखरेखीला बसलेल्या चालकावर. कंपनीवर? नाही.

तिखट : १९८८, अमेरिकेची युद्धनौका व्हिन्सेन्स. तिने इराणचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं गेली. यंत्रावर विसंबलं की असं होतं.

कायदेकानू : उलटं सांगताय! नौकेवरची एजिस ही रडार-संगणक यंत्रणा विमान वर चढतंय हेच दाखवत होती. हल्ल्यासाठी खाली येतंय म्हणून ओरडत होती माणसं.

तिखट : बरं, माणसं चुकली. मग खटला कुणावर झाला? कप्तानाला तर पुढे पदक मिळालं.

कायदेकानू : पदक त्या नौकेचा कप्तान म्हणून एकूण कार्यकाळाबद्दल होतं.

तिखट : हो का? मेलेल्यांच्या घरी जाऊन सांगा.

कायदेकानू : भावनेवर आरोपपत्र दाखल होत नाही.

रात्रपाळी : तुमचं विमान उतरलं असेल तर मुद्द्यावर या.

कायदेकानू : एवढं मान्य करतो. चाचणीत यंत्राला सैनिक आणि शेतकरी वेगळे ओळखता येत नव्हते, हे कळूनही कुणी ते वस्तीवर सोडलं, तर कलम ३० त्याला वाचवणार नाही. पण कळलं होतं हे दाखवणार कसं? चाचणीचे कागद कंपनीच्या कपाटात.

खडूस : आभारी आहोत, एक तरी आरोपी सापडला. कपाटाची किल्ली कोर्टाकडे द्या, असं स्वयंचलित शस्त्रांवरच्या नव्या करारात लिहा म्हटलं की हेच पंडित 'गोपनीयता' म्हणून उभे राहणार.

कायदेकानू : राहणारच. ती तरतूद लिहून आणा, मग बोलू.