अनुदान मार्चअखेर, शाकारणी मे महिन्यात: काय करू?

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यातल्या एका वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, पट 14. शिक्षिका मी, मुख्याध्यापिकाही मीच. गेल्या जूनपासून एकटी आहे.

अडचण छपराची आहे. चिऱ्याची इमारत, वर मंगलोरी कौलं. जून 2020 च्या निसर्ग वादळात अर्धं छप्पर गेलं, तेव्हा घाईत मारलेल्या रिपांना (कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांना) आता वाळवी लागलीय. मागच्या पावसात गळती नेमकी फळ्यासमोर. दुसरीतल्या दोघी घरून टोप आणून खाली ठेवायच्या आणि पाढे म्हणता म्हणता थेंब मोजायच्या.

सर्व शिक्षा अभियानात शाळा अनुदान 5,000, देखभाल-दुरुस्तीचे वेगळे, शिक्षकाला साहित्यासाठी 500. फार नव्हते, पण शाळेच्या खात्यात असायचे, मे महिन्यात शाकारणीला, म्हणजे पावसाआधी कौलं नीट बसवायला, उपयोगी पडायचे. 2018 मध्ये समग्र शिक्षा आली आणि पटाच्या हिशोबाने एकच संयुक्त अनुदान झालं. आता तर खात्यात पैसेच नसतात, नुसती लिमिट, म्हणजे खर्चाची मर्यादा, येते. यंदा ती 24 मार्चला दिसली. 31 ला आर्थिक वर्ष संपलं की गेलीच म्हणून समजा. शाकारणी करणारे वाडीत दोघंच, आणि दोघंही आंबा काढायला बागेत. 20 मेच्या आधी छपरावर चढत नाहीत. शिवाय त्यांची पावती म्हणजे वहीचा फाडलेला कागद, तो पीएफएमएसला (सरकारी पैशांच्या ऑनलाइन प्रणालीला) कसा जोडू?

म्हणून विचार असा आहे की, कौलं आणि रिपा आत्ताच दुकानातून पक्क्या बिलावर घ्याव्यात, मजुरी मागाहून लोकवर्गणीतून द्यावी. ऑडिटला हे चाललंय का कुणाचं? मजुरीचा शब्द शिमग्याला आलेल्या मुंबई मंडळाने (मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांच्या मंडळाने) दिलाय. ते पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात घ्यावेत, की मंडळानेच परस्पर काम करून द्यावं? ग्रामपंचायतीतही विचारलं, पण वित्त आयोगाच्या निधीसाठी काम आधी ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात हवं म्हणाले. म्हणजे हा पावसाळा गेला.

समितीच्या ठरावाचा नमुना कुणाकडे असेल तर कृपया इथे टाका. बैठक शनिवारी आहे.