अनुभव धागा: हसतमुख अनोळखी माणसं आणि त्यांची हातोटी

पाऊलवाट
आज स्टेशनवर लिफ्ट बंद होती. व्हीलचेअरवरचे एक काका शीळ घालत पुढच्या छोट्या चाकाच्या आसात गुंतलेले केस हेअरपिनने ओढून काढत होते. मग दोन पोरांना हाक मारून म्हणाले, "पाय ठेवायच्या पट्टीला धरू नका हं, ती निघून हातात येते. फ्रेम धरा." हसत हसत जिना चढलेसुद्धा! लहानपणी गल्लीत येणारे एक गृहस्थ अगदी असेच होते, ते आठवले. तुम्ही पाहिलेल्या अशा माणसांबद्दल लिहा ना.

आरे आणि धाव
केसांचा फार वैताग. चाक अडतं, खुर्ची एका बाजूला ओढते, खांदे भरून येतात. टायरची हवाही बघायला हवी. ब्रेक टायरवरच दाबून बसतो, त्यामुळे हवा कमी असली की ब्रेक लावूनही खुर्ची सरकते. पलंगावर सरकताना नेमका तिथेच घात होतो.

निळाई
+१. काकांना नमस्कार सांगा.

सावली
जिना चढताना खुर्चीची पाठ जिन्याकडे. ताकदीचा माणूस वर, खुर्चीच्या पाठीमागच्या मुठी धरून. दुसरा खाली, फ्रेमला. मोठी चाकं टेकवत एकेक पायरी. फुटपाथवरून उतरताना मात्र खुर्ची उलटी फिरवून मोठी चाकं आधी, नाहीतर बसलेला माणूस पुढे फेकला जातो. आणि आधी विचारा!!

देवबाभूळ
पांढरी काठी घेऊन गुणगुणत चालणारी एक मुलगी नेहमी दिसते. डावं पाऊल पुढे तेव्हा टोक उजवीकडे, कारण पुढचं पाऊल तिथे पडणार. झोका खांद्यांपेक्षा जरासा रुंद. काठीला जमिनीवरचं कळतं, कपाळाच्या उंचीवरची फांदी नाही. तेव्हा नुसतं "सांभाळून" ओरडू नका, "थांबा, समोर फांदी आहे" असं नीट सांगा. मदत हवी म्हणाली तर आपलं कोपर पुढे करायचं, ती धरून अर्धं पाऊल मागून येते. तिचा दंड धरून ढकलायचं नाही.

निळाई
बिचारी, किती धीट!

देवबाभूळ
धीट म्हणा ताई, बिचारी नको.

निळाई
खरंय, पटलं.

खडूफळा
कृत्रिम पायावर दिवसभर उभे राहणारे, गिऱ्हाइकांशी गप्पा मारणारे एक दुकानदार आहेत. दुपारी आत जाऊन एक पातळ मोजा वाढवतात. पायाचा उरलेला भाग दिवसभरात आक्रसतो, सॉकेट, म्हणजे तो भाग ज्यात बसतो ती कृत्रिम पायाची खोबण, सैल होतं, पाय आत खाली घसरतो आणि हाड टोचतं. मोजे जास्त झाले तर पाय पूर्ण आत जातच नाही. मोज्याला एक सुरकुती राहिली तरी फोड येतो, मग तो बरा होईपर्यंत कृत्रिम पाय बाजूला ठेवावा लागतो. बेल वाजली, बाकी नंतर.

आरे आणि धाव
रॅम्पचं राहिलंच. 1 फूट उंचीला 12 फूट लांबी तरी हवी. लोक 4 फुटांत उरकतात, मग एकट्याने चढणंच होत नाही.

सावली
आणि वर दारापाशी सपाट जागा. दार बाहेर उघडणारं असेल तर ते ओढताना खुर्ची मागे घ्यावी लागते, आणि मागे लगेच उतार!