ट्रॅक डेसाठी ब्रेक पॅड कोणते घ्यावेत? मदत हवी आहे

नमस्कार. मी इंदूरला असतो, गाडी १.८ लिटर टर्बो पेट्रोल सेडान, मूळ कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) आणि डिस्क (चाकाबरोबर फिरणारी, पॅड जिला पकडतात ती चकती). ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवरच्या पहिल्या ट्रॅक डेला (शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवण्याचा दिवस), लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी, चौथ्या फेरीत ब्रेकचे पेडल मऊ होऊन जवळजवळ तळाला गेले. ब्रेक ऑइल जुने होते, आणि डॉट ४ दर्जाच्या ऑइलने ओलावा शोषला की त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंशांवरून १५५ पर्यंत उतरू शकतो; म्हणून जास्त उत्कलनबिंदूचे डॉट ५.१ भरून चारही चाकांतली हवा काढली. गळती कुठेही नाही.

दुसऱ्या खेपेस पेडल शेवटपर्यंत घट्ट राहिले, मात्र सहाव्या फेरीनंतर कितीही दाबले तरी वेग हवा तसा उतरेना आणि करपल्याचा वास येऊ लागला. पॅड काढून पाहिले, तर कडा पांढुरक्या पडून बोटाने भुगा होत होत्या. म्हणजे आता दोष ऑइलचा नसून पॅडचा असावा, असे मला वाटते.

याच गाडीने रोज कामावर जातो आणि ट्रॅकवरून सुमारे ८०० किलोमीटर घरी परततो, त्यामुळे थंड असताना व पावसातही पकड देणारे पॅड हवेत. खर्चाची मर्यादा २५,००० रुपये आहे. कोणत्या प्रकारचे पॅड घ्यावेत, आणि पुढच्या डिस्क थंड ठेवायला त्यांच्यापर्यंत हवेची नळी नेल्याशिवाय ते टिकतील का?